दोन कार्डांचा लॅपटॉप आणि काळा पडदा

व्यापारी बंधूंनो, एके काळी जुन्नरचा हातकागद नावाजलेला होता. आज त्याच जुन्नरच्या पेठेत बिल कीबोर्डवर फाडले जाते. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यापासून तर संगणकाशिवाय गत्यंतर राहिले नाही. दुकानात नवा पोऱ्या आला की बिल, स्टॉक, ई-वे बिल सारे पहिल्यापासून शिकवावे लागते. त्यापेक्षा पडद्याचे रेकॉर्डिंग एकदाच करून ठेवावे. भरतकामाची डिझाईन संगणकावर करणाऱ्या कारागिरांनाही आपले हुनर असे जपता येते. ओबीएस स्टुडिओ हा प्रोग्रॅम 2012 पासून फुकट मिळतो.

पण पुष्कळांच्या लॅपटॉपवर आवाज भरला जातो आणि चित्र काळे येते. मग कोणी सांगतो, कार्ड गेले, पुण्याला न्या. मंचर-घोडेगावहून फेरा मारण्यापूर्वी एवढे पाहा.

अशा लॅपटॉपमध्ये चित्र काढणारे दोन असतात. एक प्रोसेसरमधलाच, कमी वीज खाणारा. दुसरा वेगळा, बहुधा एनव्हिडियाचा, दमदार पण बॅटरी पिणारा. एनव्हिडियाने 2010 मध्ये ऑप्टिमस नावाची पद्धत आणली. जड काम मोठा करतो, पण पडद्याची तार बहुधा लहानाकडेच असते, म्हणून मोठ्याचे चित्रही त्याच्याच हातून पडद्यावर जाते. एकाच्या मागावर विणलेला कपडा दुसऱ्याच्या गल्ल्यावरून विकावा, तसे. आता ओबीएस मोठ्यावर चालू झाला आणि त्याच्याकडे पडदा मागू लागला, तर त्याच्याजवळ पडदा आहेच कुठे? काळे येणारच. मशीन बिघडलेले नाही.

उपाय विंडोजमध्येच आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, त्यात ग्राफिक्स उघडा. ब्राऊज करून ओबीएसची ओबीएस64 ही फाईल जोडा, ऑप्शन्समध्ये 'पॉवर सेव्हिंग' निवडून सेव्ह करा. मग ओबीएस पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. हे न केल्याने बरेच जण फसतात. 'गेम कॅप्चर' वापरायचे असेल तर उलट, 'हाय परफॉर्मन्स' ठेवा. काही लॅपटॉपांत बाहेरच्या मॉनिटरची एचडीएमआय तार थेट मोठ्या कार्डाला जाते. त्या मॉनिटरचे चित्र घ्यायचे तर तिथेही हेच.

2021 च्या 27 व्या आवृत्तीपासून आणखी सोपे झाले. डिस्प्ले कॅप्चरच्या प्रॉपर्टीजमध्ये कॅप्चर मेथड 'विंडोज 10' निवडली की दोन कार्डांचा घोळ बहुधा मिटतो. माझ्या मते आधी हेच करून पाहावे. विंडोज 10 वर पडद्याभोवती पिवळी चौकट दिसेल, घाबरू नका.

रेकॉर्डिंग एमकेव्ही स्वरूपात ठेवा. बॅटरी संपून मशीन मध्येच बंद पडले तरी तोवरचा भाग वाचतो. साध्या एमपी4 मध्ये सारी फाईल जाऊ शकते. नंतर फाईल मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'ने एमपी4 करून घ्या. आणि बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी टाकण्यापूर्वी रेकॉर्डिंग थांबवा, कारण ही फाईल उद्या पोऱ्याच्या मोबाईलवर जाणार आहे.