मांजराची नखे आणि घरातले कापड

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना ही तक्रार नवी नाही. दोरीवर वाळत घातलेल्या साडीचा पदर ओढला जातो आणि त्याचे धागे निघतात. सोफ्याच्या कोपऱ्याचे कापड लोंबू लागते. मांजर पडद्यावर चढते आणि उतरताना पडद्याच्या चिंध्या करते. थोडे दिवस सगळे हसतात. मग एक दिवस घरातले कोणीतरी म्हणते, "आता पुरे! याला पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या."

हा उपाय करण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार करू या. पहिली गोष्ट अशी की, घरात वाढलेल्या मांजराला बाहेर कोण भेटते? आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात उसाच्या फडांतून बिबटे राहतात. तेथील बिबट्यांच्या विष्ठेचे परीक्षण करून ते काय खातात याचा अभ्यास विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे ३९ टक्के, आणि त्याखालोखाल पाळीव मांजरांचा, १५ टक्के निघाला. शेळ्यांचा वाटा मांजरांपेक्षाही कमी होता! शहरात बिबट्या नसला तरी मोकाट कुत्री आणि भरधाव वाहने असतातच. शिवाय, उपासमार किंवा तहान यांमुळे हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट अशी की, हे मांजर गेल्यावर उंदीर वाढले म्हणून दुसरे पिल्लू आणले, तर मोठे झाल्यावर तेही तोच सोफा ओरबाडते. तेव्हा हा एका मांजराचा खोडसाळपणा नाही. मांजराच्या शरीराची रचनाच त्याला तसे करायला लावते. ती रचना समजली की मांजरही घरात राहील आणि सोफाही टिकेल.

नख म्यानात कसे राहते?

मांजराच्या पुढच्या प्रत्येक पंजाला पाच आणि मागच्या प्रत्येक पंजाला चार, अशी एकूण अठरा नखे असतात. मांजर चालताना मात्र त्यांचा आवाज होत नाही. कुत्रा फरशीवरून चालला की टक् टक् आवाज येतो, कारण त्याची नखे कायम बाहेर असतात व जमिनीवर घासून बोथट होतात.

मांजराच्या बोटाचे शेवटचे हाड मागे दुमडलेले असते आणि एक लवचीक अस्थिबंध त्याला तसेच धरून ठेवतो. स्प्रिंग लावलेले दार आठवा. ते आपोआप मिटलेले राहते; उघडायचे असेल तेव्हा जोर लावावा लागतो. त्याचप्रमाणे नखे आत ठेवण्यासाठी मांजराला काहीच श्रम पडत नाहीत. पंजाचा स्नायू आकुंचन पावला की कंडरा ओढली जाते, हाड पुढे वळते आणि नख बाहेर येते. नखे अशी म्यानात राहत असल्यामुळे ती झिजत नाहीत आणि अणकुचीदार राहतात.

थोडे गणित

मांजराचे वस्तुमान ४ किलोग्रॅम धरा. म्हणजे त्याचे वजन सुमारे ४० न्यूटन. ते चार पायांवर उभे असताना गाद्यांसारख्या मऊ तळव्यांचे जमिनीला टेकलेले एकूण क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर धरू. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. ४० ला ०.००२ चौरस मीटरने भागले की २०,००० पास्कल येतात. हा वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक पंचमांश झाला.

आता तेच मांजर पडद्याला चार नखांनी लटकले आहे अशी कल्पना करा. प्रत्येक नखावर १० न्यूटन बल येईल. नखाच्या टोकाचे क्षेत्रफळ ०.१ चौरस मिलिमीटर धरले, तर दाब येतो १० कोटी पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे हजारपट! मांजर तेच, वजन तेच; पण दाब पाच हजारपट वाढला. सुई, खिळा आणि विळा ज्या तत्त्वावर काम करतात, तेच तत्त्व येथेही आहे.

कोणते कापड लवकर फाटते?

नख नुसते टोकदार नसते, ते आकड्यासारखे वाकडेही असते. म्हणून ते कापडात शिरते आणि धागा पकडून ओढते. भिंगातून निरनिराळी कापडे पाहा. घट्ट विणीच्या चादरीत उभे व आडवे धागे इतके जवळ असतात की नखाला आत शिरायला जागा मिळत नाही. घोंगडीत किंवा जाडसर सोफ्याच्या कापडात धाग्यांमध्ये फटी असतात. टर्किश टॉवेलवर तर धाग्यांची वेटोळीच उभी असतात. स्वेटरची गोष्ट आणखी वेगळी. तो एकाच लांब धाग्याचे फास एकमेकांत गुंतवून विणलेला असतो. एक फास तुटला की शेजारचे फासही सुटत जातात. यावरून मांजराच्या घरी सोफ्याला कोणते कापड घ्यावे, हे तुम्हीच सांगू शकाल.

मांजर ओरबाडते कशासाठी?

याची मुख्य कारणे तीन आहेत. पहिले कारण नखांची निगा. नख केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थराथराने वाढते. ओरबाडले की बाहेरचे जुने टरफल गळून पडते व आतले नवे टोक उघडे होते. मांजराच्या नेहमीच्या जागेखाली शोधलेत, तर चंद्रकोरीसारखी ही टरफले सापडतील.

दुसरे कारण खूण करणे. मांजराच्या पंजात गंध-ग्रंथी असतात. ओरबाडताना त्यांचा वास त्या जागी लागतो आणि ओरखडेही दिसत राहतात. "ही जागा माझी आहे" अशी ती पाटीच असते. रानात बिबट्यासुद्धा झाडाच्या खोडावर असेच ओरखडे काढतो. घरात ही पाटी जाण्यायेण्याच्या वाटेवर लावली जाते, आणि सोफा तर बैठकीच्या खोलीत अगदी समोरच असतो!

तिसरे कारण आळस देणे. झोपेतून उठल्यावर पुढचे पंजे उंच रोवून मांजर पाठीचे व खांद्यांचे स्नायू ताणते. त्यासाठी त्याला उंच आणि न हलणारी वस्तू लागते.

पदर ओढण्याचे कारण मात्र निराळे आहे. हलणाऱ्या वस्तूवर झडप घालणे हा शिकारी प्राण्याचा स्वभाव आहे. वाऱ्याने हलणारा पदर मांजराला भक्ष्यासारखा वाटतो. कपडे वाळत घालताना टोके खाली लोंबू दिली नाहीत आणि संध्याकाळी जेवणाआधी मांजराला दहा मिनिटे कागदाच्या बोळ्याशी खेळवले, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

दोऱ्यापासून सावध!

काही मांजरे लोकर चोखतात किंवा चावतात. आईपासून फार लवकर तोडलेल्या पिल्लांत ही सवय अधिक दिसते. यात केवळ स्वेटरचेच नुकसान नाही. मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले काटे असतात. त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहज थुंकता येत नाही, तो आतच सरकतो. लांब दोरा आतड्यात अडकला तर आतडे चुणीसारखे गोळा होते व कापले जाऊ शकते. म्हणून शिवणाचा दोरा, लोकर आणि पतंगाचा मांजा उघड्यावर ठेवू नका. मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो कधीही ओढू नका. त्याला ताबडतोब पशुवैद्याकडे न्या.

मारून उपयोग का होत नाही?

सोफा सकाळी फाटला आणि मार दुपारी मिळाला, तर या दोन घटनांचा संबंध मांजराला लागत नाही. त्याला एवढेच कळते की या माणसाजवळ गेले की मार बसतो. भ्यालेले मांजर स्वतःच्या जागेवर अधिकच खुणा करू लागते. याउलट, योग्य जागी ओरबाडताच लगेच खाऊचा तुकडा मिळाला, तर तो संबंध त्याला चटकन कळतो.

काही देशांत मांजराची नखे शस्त्रक्रियेने काढून टाकण्याची पद्धत होती. पण त्यात नुसते नख निघत नाही, बोटाचे शेवटचे हाडच कापावे लागते. इस्राएलने २०११ साली आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली यावर बंदी घातली. नखाचे पांढरे, पारदर्शक टोक तेवढे मोठ्या माणसांनी कापायला हरकत नाही. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते, तिला धक्का लागता कामा नये.

ओरबाडण्याचा खांब तयार करा

सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीचा एक लाकडी वासा घ्या. ४० सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद फळीच्या मध्यभागी तो पक्का ठोकून घ्या. वाशाला जुन्या पोत्याचे गोणपाट किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. मांजराला बाहेर सोडण्यासाठी आणलेले पोते येथे कामाला येईल!

खांब डगमगला तर मांजर त्याच्याकडे पुन्हा फिरकणार नाही. म्हणून त्याचा तोल तपासू. समजा, मांजर ६० सेंटिमीटर उंचीवर २० न्यूटन बलाने आडवे ओढते. खांब उलटवणारे आघूर्ण २० × ०.६ = १२ न्यूटन-मीटर झाले. खांब ज्या कडेवर उलटेल ती कड मध्यापासून ०.२ मीटरवर आहे. म्हणून खांबाचे एकूण वजन निदान १२ ÷ ०.२ = ६० न्यूटन, म्हणजे ६ किलोग्रॅम वस्तुमानाइतके हवे. वाशाभोवती फळीवर चार विटा बसवा. एक वीट सुमारे ३ किलोग्रॅमची असते. त्यामुळे विटांचेच १२ किलोग्रॅम झाले. आवश्यकतेच्या दुप्पट!

हा खांब अडगळीत ठेवू नका. मांजर जो कोपरा फाडते, अगदी त्याच्याजवळच ठेवा. सोफ्याच्या त्या कोपऱ्यावर काही दिवस गुळगुळीत प्लॅस्टिक ताणून बांधा. खांबाची सवय लागली की तो रोज थोडा थोडा सरकवून सोयीच्या जागी न्या.

करून पाहा

सारख्या मापाच्या तीन फळ्या घ्या. एकीला गोणपाट, दुसरीला काथ्याची दोरी गुंडाळा, तिसरी उघडी ठेवा. खिडकीच्या किंवा जिन्याच्या गजांना त्या ओळीने घट्ट बांधा. मांजर कोणत्या फळीवर किती वेळा ओरबाडते ते पंधरा दिवस वहीत लिहा. रोज फळ्यांच्या जागांची अदलाबदल करा, म्हणजे प्रत्येक फळी प्रत्येक जागी पाच दिवस येईल. असे केले नाही, तर मांजराला फळी आवडली की जागा, हे सांगता येणार नाही.

विचार करा

१. पडद्याला लटकलेल्या मांजराची दोन नखे सुटली, तर उरलेल्या प्रत्येक नखाखालचा दाब किती होईल?

२. फरशी फार गुळगुळीत असेल, तर आपला खांब उलटण्याऐवजी घसरेल का? तो घसरू नये म्हणून फळीखाली काय लावाल?

३. मांजराची नखे कुत्र्यासारखी कायम बाहेर असती, तर त्याला उंदीर पकडताना कोणत्या दोन अडचणी आल्या असत्या?