मऊ लाकडाची पारख

खोक्याच्या कोणत्याही पिवळसर, हलक्या फळीस आपल्याकडे सर्रास 'देवदारी' म्हणतात. खरा देवदार हिमालयातला. परंतु खोक्यांत बहुधा चीड किंवा न्यूझीलंडहून येणारा पाइन असतो. नावावर विसंबून लाकूड घेणारा फसतो. म्हणून पारख शिकणे अगत्याचे आहे.

प्रथम 'मऊ' या शब्दाचा अर्थ पाहू. वनस्पतिशास्त्रात सुईसारख्या पानांच्या वृक्षांचे ते मऊ लाकूड व रुंद पानांच्या वृक्षांचे ते कठीण लाकूड. त्यामुळे नखाने दबणारी आपली सावर शास्त्राने कठीण वर्गात पडते, आणि तिच्याहून पुष्कळ दणकट देवदार मऊ वर्गात!

परीक्षा सोपी आहे. फळीचे टोक धारदार पात्याने साफ कापावे व भिंगातून पाहावे. सागाच्या टोकावर बारीक छिद्रे दिसतात. चीड व देवदार यांत तशी छिद्रे नसतात, फिकट व गडद वलये मात्र स्पष्ट असतात. चिडीस राळेचा वास येतो. देवदाराचा सुगंध निराळा व तेलकट असतो.

आता कामाविषयी. वसईच्या दमट हवेत फळी नीट वाळली नसेल तर ती वाकते, आणि बहुधा सालीकडील बाजूस खोलगट होते. रंधा मारताना तंतू उपटू लागल्यास फळी फिरवून उलट दिशेने रंधावी. टोकाजवळ खिळा ठोकण्यापूर्वी गिरमिटाने छिद्र पाडावे, नाहीतर फळी चिरते. खारी हवा लोखंडास खाते, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले खिळे घ्यावेत. मोठी गाठ असलेला तुकडा बाकाच्या पायास कधीही लावू नये. भार पडताच तो तेथेच मोडतो व बसणारा पडतो. चिडीचे लाकूड जमिनीस टेकवू नये, त्यास वाळवी लवकर लागते. देवदाराचा गाभा तिला बराच दाद देत नाही.

परदेशी खोक्याची फळी वापरण्यापूर्वी तिच्यावरील शिक्का वाचावा. 'एचटी' म्हणजे उष्णतेने कीड मारलेली. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. दुसरी फळी घरातील वस्तूंस आम्ही वर्ज्य मानतो. शिक्का नसलेली व तेलाचे वा रसायनाचे डाग पडलेली फळीही घेऊ नये. आणि अशा फळ्या चुलीत तर मुळीच घालू नयेत.

सारांश, वखारीत गेल्यावर नाव मागाहून विचारावे. आधी टोक पाहावे, वास घ्यावा व गाठी मोजाव्या.