विदूषकाची मैत्री

संस्कृत नाटक वाचतांना विद्यार्थ्यांचें सारें लक्ष नायक-नायिकांकडे लागलेलें असतें. विदूषक आला म्हणजे आतां हंसावयाचें, एवढेंच ते समजतात. मिष्टान्नाची हांव, भित्रेपणा आणि अखंड चालणारी जीभ हीं त्याचीं लक्षणें कोणाच्याहि ध्यानांत येतात. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत त्याचें रूपहि ठेंगणें, कुबडें, टकलें व दांत पुढें आलेलें असें वर्णिलें आहे. तो जातीनें ब्राह्मण, पण बोलतो प्राकृत. अशा माणसास कवींनीं थोर नायकाचा जिवलग मित्र कां केलें असावें? शाकुंतल व मृच्छकटिक या दोन नाटकांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. हीं दोन्ही नाटकें किर्लोस्कर व देवल यांनीं मराठी संगीत रंगभूमीवर आणिलीं. पैकीं शाकुंतलाचा पहिला प्रयोग १८८० सालीं पुण्यास झाला.

कालिदासाच्या शाकुंतलांत दुष्यंत राजाचा सोबती माधव्य होय. दुसऱ्या अंकाच्या आरंभींच तो मृगयेच्या नांवानें कुरकुरत येतो. झोंप पुरी होत नाहीं, जेवणास वेळ-काळ नाहीं, घोड्याच्या पाठीवर बसून सांधे खिळखिळे झाले! याच माधव्यापाशीं राजा शकुंतलेविषयींचें आपलें मन उघडें करितो. इतक्यांत राजमातेचें बोलावणें येतें. ती माधव्यासहि पुत्राप्रमाणेंच मानीत असल्यामुळें राजा आपल्याऐवजीं त्यास नगरास पाठवितो. पण हा बडबड्या अंतःपुरांत सर्व कांहीं सांगून टाकील, या भयानें तो जातांजातां त्यास बजावतो कीं, शकुंतलेची गोष्ट केवळ थट्टेनें सांगितली. भोळा माधव्य तें खरें मानितो.

पुढें शापामुळें राजाची स्मृति गेली व शकुंतला दरबारीं येऊन उभी राहिली. त्या वेळीं माधव्य तेथें नव्हता. राजानेंच त्यास हंसपदिकेची समजूत घालण्यास धाडिलें होतें. आंगठी सांपडल्यावर राजा विचारतो कीं, तूं मला आठवण कां दिली नाहींस? तेव्हां माधव्य म्हणतो कीं, ती थट्टा होती असें आपणच सांगितलें. शापापुढें त्याचा शब्द टिकला असता कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. परंतु जो एकच साक्षी राजानें स्वतः केला होता, तो त्यानें स्वतःच गमाविला.

शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील मैत्रेयाची गोष्ट वेगळी आहे. उज्जयिनीचा चारुदत्त दानधर्मानें निर्धन झाला, तेव्हां संपत्तीचे सोबती पांगले; मैत्रेय मात्र राहिला. त्याच्या हातून चुका थोड्या होत नाहींत. वसंतसेनेनें ठेव म्हणून ठेविलेले अलंकार तो झोंपेंत बरळत शर्विलक चोराच्या हातीं देतो. पुढें न्यायसभेंत तो संतापून शकाराशीं झोंबतो, आणि त्या झटापटींत त्याच्या कांखेंतील वसंतसेनेचेच दागिने खालीं पडतात. ते परत देण्यास तो निघाला होता. परंतु निरपराध चारुदत्तावरील खुनाचा आरोप त्यामुळेंच पक्का झाला.

तथापि चारुदत्तानें या मित्रापासून मन कधीं चोरिलें नाहीं. चोरी कळतांच तो मैत्रेयावर रागावत नाहीं. आपल्या दरिद्री घरांतून चोर रिकाम्या हातानें गेला नाहीं, यांतच तो समाधान मानितो. या विश्वासाची फेड दहाव्या अंकांत होते. मैत्रेय बालक रोहसेनास घेऊन वधस्थानाच्या वाटेवर येतो आणि मित्रास सोडा, मला मारा, अशी मारेकऱ्यांस विनवणी करितो. एरवीं अंधाराचेंहि भय वाटणारा हा भित्रा मनुष्य मित्राऐवजीं मरावयास सिद्ध होतो!

दोघांच्याहि जिभेस लगाम नव्हता, हें कवींनीं लपविलें नाहीं. राजानें मित्राचा तो दोष पाहून त्यास असत्य सांगितलें आणि पश्चात्तापाच्या वेळीं तें त्याच्याच आड आलें. चारुदत्तानें दोषांसह मित्र पत्करिला व संकटकाळीं त्यास तो पुरला.

विद्यार्थिमित्रहो, प्रत्येक वर्गांत एखादा बोलघेवडा, हंसविणारा सोबती असतोच. त्यास मूर्ख समजून त्याच्याशीं खोटें बोलणें सोपें असतें. त्याची चूक पोटांत घालून त्याच्याशीं खरें बोलावें. विनोद आवडणाऱ्या माणसाच्या अंगीं निष्ठा किती आहे, हें संकट आल्याखेरीज कळत नाहीं.