शंका-समाधान : बीपी, लकवा आणि आपलं खारं पाणी

शंका : आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. पिण्याला बोअरचंच पाणी. आई आणि काकांना बीपी होतंच. आता वयाच्या 38व्या वर्षी मलाही निघालं. हे पाण्यामुळे का? उकळून प्यायलो तर चालेल?

समाधान : घराण्यात बीपी असणं हे एक कारण आहेच, पण पाण्याबद्दलची तुमची शंकाही रास्त आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि आपल्या बुलढाण्यात पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालच्या पाण्यात सोडियमचे क्षार जास्त असतात. मोठ्या माणसानं दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात सोडियम असतं साधारण 2 ग्रॅम. आता समजा, तुमच्या बोअरच्या एका लिटरमध्ये 500 मिलिग्रॅम सोडियम आहे. शेतात राबणारा माणूस 4 लिटर पाणी सहज पितो. म्हणजे भाकरीचा पहिला तुकडा मोडण्याआधीच दिवसभराचं सोडियम पोटात गेलं. ठेचा, लोणचं, पापड त्यावर. घामावाटे थोडं जातं, पण सगळं जात नाही.

जादा सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं, त्यामुळे रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो. हा दाब बहुतेकांना जाणवतच नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, कामं चालू राहतात. आतून मात्र हृदय, मेंदू आणि किडनी झिजत असतात. किडनी दुबळी झाली की सोडियम नीट बाहेर पडत नाही आणि दाब आणखी चढतो. म्हणून बीपीबरोबर रक्तातलं क्रिएटिनीन आणि लघवीतलं प्रथिन वर्षातून एकदा तपासून घ्या. तिघांनीही.

उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पाणी आटेल तसे ते वाढतातच. तुरटीचाही उपयोग नाही. वान धरणाच्या योजनेचं पाणी गावात येत असेल तर पिण्याला आणि स्वयंपाकाला तेच ठेवा, नाहीतर आरओचं. सैंधव मीठ बीपीला चालतं हा समज चुकीचा आहे, तेही सोडियमच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, ते किडनी तपासल्याशिवाय वापरू नका. आणि कळकळीनं सांगतो, कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज खाऊ नका. त्या बीपीही चढवतात आणि किडनीही बिघडवतात.

शंका : मेहकरहून लिहितो आहे. बाबा सकाळी चहा पिताना अचानक अडखळत बोलू लागले, तोंड वाकडं झालं, कप हातातून सुटला. 10 मिनिटांत सगळं पूर्ववत. ते म्हणतात, अशक्तपणा आहे, दवाखाना नको. शेजारी म्हणतात, वारं लागलं, कबुतराच्या रक्तानं मालिश करा.

समाधान : हे पत्र वाचल्यावर आधी फोन केला, तेच उत्तर सर्वांसाठी इथे देतो. बाबांना त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं होतं. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीनं काही मिनिटं बंद झाली आणि सुदैवानं मोकळी झाली. बरं वाटलं म्हणून धोका टळत नाही. पुढचे 2 दिवस खऱ्या लकव्याचा धोका सर्वांत जास्त असतो. मेंदूचं स्कॅनिंग, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, ईसीजी, साखर, बीपी एवढं झालंच पाहिजे. मालिशीनं, रक्तानं मेंदूतली गुठळी हलत नाही, नेमका हाताशी असलेला वेळ मात्र जातो.

घरातल्या शाळकरी मुलांनासुद्धा हे शिकवा : माणसाला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात खाली आला किंवा शब्द अडखळले, की 108ला फोन. शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही हे पाहिल्यावर. म्हणून निघण्याआधी फोन करून स्कॅन आणि इंजेक्शन दोन्ही जिथे आहे तिथेच न्या. वाटेत पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. अॅस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती घातक.

शंका : खामगावच्या वाचकाचा प्रश्न. छातीत जळजळ झाली तर ती गॅसची की हार्ट अटॅकची, हे घरी कसं ओळखावं?

समाधान : घरी ओळखता येत नाही, ईसीजी लागतो. छातीवर दडपण, घाम, दम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ असेल तर सोडा पिऊन वाट पाहू नका. मधुमेही माणसांत आणि बायकांत कधी नुसता थकवा किंवा मळमळही असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू नसेल, अॅलर्जी किंवा अल्सर नसेल, तर 300 मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावून खायला द्या. गाडी स्वतः चालवू नका. आणखी एक. समृद्धी महामार्ग झाल्यापासून थेट संभाजीनगर गाठण्याची घाई होते. अँजिओप्लास्टी 2 तासांत होणार नसेल तर आधी जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घ्यावं, मग पुढे निघावं. हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो.

शंका : बीपी 126/80 आलं. गोळी बंद करू का? (चिखली)

समाधान : नाही. ते गोळीमुळेच 126 आलं आहे. पायाला सूज, कोरडा खोकला असा त्रास होत असेल तर गोळी बदलता येते. तुमच्या डॉक्टरांना सांगा. बीपी मोजताना 5 मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीला. आधीचा अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. तंबाखू तर त्यानंतरही नको. गावच्या आरोग्य उपकेंद्रात 30 वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर मोफत तपासतात. पुढच्या वेळी जाताना घरच्यांनाही सोबत घेऊन जा.