सगळ्यांचा पगार निघतो, मग तुमचा का नाही?



आज एक साधा प्रश्न. महिनाअखेरीला मदतनिसाचा पगार दिलात, किराणावाल्याचं बिल भागवलंत, भाडं दिलंत. तुमचा पगार किती निघाला? "उरलं तर घेते" असं उत्तर असेल, तर हा धडा तुमच्यासाठीच आहे. कारण उरत कधीच नाही.

स्वतःसाठी मागणं म्हणजे स्वार्थ, हे लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं. बायकांच्या तर जरा जास्तच. तीच सवय धंद्यात येते. ओळखीच्यांना कमी दर, मागेल त्याला उधारी आणि स्वतःचं जेवण दुपारी चार वाजता. पण छोट्या धंद्यात मालक आजारी पडला की मदतनिसाचा पगारही थांबतो. म्हणजे स्वतःकडे बघणं हे सगळ्यांच्याच भल्याचं आहे.

१. तुमचा पगार दरात धरा

समजा, तुम्ही रोज ४० डबे देता, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे १,०४० डबे. दर ८० रुपये, जमा ८३,२०० रुपये. किराणा-भाजी ५२,००० आणि गॅस, पॅकिंग, मदतनीस, पोचवणं मिळून २२,०००. उरले ९,२००. रोज सात तास राबलात, तर तासाला जेमतेम ५० रुपये पडले!

आता तुमचा पगार १५,००० धरा. कमी पडतात ५,८००. भागिले १,०४० डबे, म्हणजे डब्यामागे साधारण ६ रुपये. फक्त सहा रुपये मागायला आपण लाजतोय.

एक लक्षात ठेवा: धंदा एकट्याच्या मालकीचा असेल तर आयकरात मालकाचा पगार खर्च म्हणून दाखवता येत नाही, ती उचल धरतात. पण दर ठरवताना तो धरायलाच हवा.

२. 'नाही' म्हणायचं वाक्य तयार ठेवा

ऐन वेळी शब्द सुचत नाहीत आणि तोंडातून "बरं, चालेल" निघून जातं. म्हणून आधीच पाठ करा: "मावशी, डब्याचा दर सगळ्यांना एकच ठेवलाय. घरी जेवायला या ना, तिथे कसले पैसे!" नातं घरी, दर धंद्यात. आवाज गोड ठेवा, आकडा बदलू नका.

३. अडकलेले पैसे हक्काने मागा

तुमची उद्यम नोंदणी असेल आणि कंपनीला माल किंवा सेवा देत असाल, तर २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. (निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही.)

आजचा गृहपाठ

वरचं गणित तुमच्या आकड्यांनी वहीत मांडा. नवा दर पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून, आठ दिवस आधी सांगून लावा. आणि १ तारखेलाच तुमचा पगार वेगळ्या खात्यात टाका, सुरुवातीला दोन हजार का असेना. आधी पोटोबा, मग विठोबा. यात लाजण्यासारखं काहीच नाही.