भटकी कुत्री : भीती, भूतदया आणि व्यवस्था

सकाळी शाळेस निघालेले मूल, गल्लीच्या तोंडाशी साचलेला उकिरडा आणि त्याभोवती जमलेली सात-आठ कुत्री, हे दृश्य आपल्या बहुतेक शहरांत नित्याचे झाले आहे. मूल दबकते, आई हातात काठी घेते आणि शेजारची आजी त्याच कुत्र्यांना पोळीचा तुकडा टाकते. पुढे तक्रार नगरपालिकेकडे जाते, तेव्हा एक पक्ष म्हणतो, "सगळी कुत्री उचलून न्या", तर दुसरा म्हणतो, "त्यांना हातही लावू नका". या दोन्ही मागण्यांनी प्रश्न सुटत नाही. मुलाची सुरक्षितता आणि मुक्या प्राण्याविषयीची दया या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, दोहोंकडे नेणारा मार्ग एकच आहे, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. त्या मार्गाची ओळख करून देणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

रोगाचे गांभीर्य

श्वानदंशाची खरी भीती आहे ती रेबीजची, म्हणजेच अलर्क रोगाची. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 59 हजार माणसे या रोगाने दगावतात, आणि त्यांपैकी 99 टक्क्यांहून अधिक जणांना तो कुत्र्यांपासून झालेला असतो. बळी पडणाऱ्यांत सुमारे 40 टक्के मुले 15 वर्षांखालील असतात. भारतापुरता पाहिला तर 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत वर्षाला सुमारे 5,700 मृत्यूंचा अंदाज करण्यात आला आहे. यांतील जवळपास प्रत्येक मृत्यू वेळेवर उपचार झाले असते तर टळला असता, ही यातील खेदाची बाब होय.

मारून प्रश्न सुटला काय?

कुत्री मारण्याचा उपाय नवा नाही. कंपनी सरकारच्या काळात मुंबईत भटकी कुत्री मारणाऱ्यास बक्षीस दिले जात असे. जून 1832 मध्ये या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, कारण कुत्र्यास त्यांच्या अंत्यविधीत मानाचे स्थान आहे. शहरात दंगल उसळली. पुढे 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई व इतर दानशूर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. तथापि कुत्री मारण्याची पद्धत त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली आणि 1990 च्या दशकात ती बंद पडली. इतका काळ हा उपाय योजूनही मुंबईच्या रस्त्यांवरील कुत्री नाहीशी झाली नाहीत.

याचे कारण निसर्गाच्या हिशेबात आहे. एखाद्या वस्तीत किती कुत्री जगू शकतील, हे तेथील उघड्या अन्नावर अवलंबून असते. कुत्री काढून नेली आणि उकिरडा तसाच राहिला, तर रिकाम्या जागेत शेजारची कुत्री येतात. कुत्री सुमारे दोन महिन्यांत विते आणि एका वेतास चार-सहा पिले देते. त्यामुळे तूट भरून निघण्यास वेळ लागत नाही. शिवाय नव्याने आलेली कुत्री लस न टोचलेली, वस्तीस अपरिचित आणि आपसांत भांडणारी असतात.

येथे गिधाडांचेही उदाहरण बोधप्रद आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे भारतातील गिधाडांची संख्या झपाट्याने घटली, म्हणून 2006 मध्ये गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घालण्यात आली. गिधाडे गेल्याने उघड्यावर टाकलेली मृत जनावरे कुत्र्यांच्या वाट्याला आली आणि त्यांची संख्या वाढण्यास हातभार लागला. अन्न तेथे कुत्रे, हा नियम गावास व शहरास सारखाच लागू आहे.

निर्बीजीकरण आणि लस

यावरचा शास्त्रीय उपाय म्हणजे कुत्री पकडणे, शस्त्रक्रियेने त्यांचे निर्बीजीकरण करणे, अलर्क प्रतिबंधक लस टोचणे, ओळखीसाठी कानास खाच पाडणे आणि जखम भरल्यावर त्यांना मूळ जागी सोडणे. मूळ जागी सोडण्यावरच अनेकांचा आक्षेप असतो. परंतु लस टोचलेले व पिलावळ न वाढविणारे कुत्रे आपल्या हद्दीत परक्या कुत्र्यास सहसा शिरू देत नाही. ते एक प्रकारे त्या गल्लीचे राखणच करते.

जयपूर शहराच्या काही भागांत 1994 पासून हे काम सातत्याने करण्यात आले. तेथे कुत्र्यांची संख्या सुमारे 28 टक्क्यांनी घटली आणि त्या भागातील माणसांचे अलर्काचे रुग्ण शून्यावर आले. गोव्यात 2013 पासून सामूहिक लसीकरण, शाळांतून शिक्षण आणि रोगी कुत्र्यांचा तातडीने शोध या तिन्ही गोष्टी एकत्र राबविण्यात आल्या. वर्षाकाठी लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस टोचली गेली. परिणामी कुत्र्यांमधील रोगाचे मासिक प्रमाण सुमारे 92 टक्क्यांनी घटले आणि 2018 व 2019 या वर्षांत राज्यात एकही माणूस या रोगाने दगावला नाही.

या कामात यश मिळते ते प्रमाण आणि वेग यांमुळे. एका भागातील निदान 70 टक्के कुत्र्यांना लस टोचल्यास रोगाची साखळी तुटते. निर्बीजीकरणातही हेच प्रमाण गाठण्याचे उद्दिष्ट ठेवले जाते. एखाद्या नगरात 2,000 कुत्री आहेत व त्यांचे प्रत्येकी 200 कुत्र्यांचे दहा विभाग पाडले आहेत, असे समजू. एका विभागात 140 शस्त्रक्रिया करावयाच्या आहेत. रोज दहा झाल्या तर एक विभाग 14 दिवसांत आणि संपूर्ण नगर 140 कामाच्या दिवसांत पुरे होईल. याच 1,400 शस्त्रक्रिया तक्रार येईल तेथे थोड्याथोड्या करीत तीन वर्षे चालविल्या, तर दरम्यान जन्मलेली पिले सारा खर्च व श्रम व्यर्थ घालवितील. म्हणून आधी गणना, मग विभागवार आखणी आणि नंतर काम, हा क्रम पाळणे अगत्याचे आहे.

कायदा काय सांगतो?

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये प्रथम 2001 मध्ये व नंतर सुधारून 2023 मध्ये प्राणी जन्मनियंत्रण नियम करण्यात आले. त्यांनुसार निर्बीजीकरण व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर आहे. संस्थेने हे काम स्वतः करावे अथवा प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडून करून घ्यावे. कुत्र्यांना अन्न देण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून व प्रवेशद्वारापासून दूर असावी, असेही नियम सांगतात.

सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी असे स्पष्ट केले की, निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत. मात्र अलर्काची बाधा असलेली वा तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांना कुंपण घालण्यास आणि तेथील कुत्री निवाऱ्यात हलविण्यास सांगण्यात आले. मनमानीने कुत्र्यांना विष घालणे वा ठार मारणे हा मात्र गुन्हाच आहे.

चावा झाल्यास

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. तिखट, हळद, चुना, तेल असे काहीही लावू नये, मंत्र-तंत्रात वेळ दवडू नये. तत्काळ सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी व ठरलेल्या तारखांना सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते, त्याची डॉक्टरांकडे चौकशी करावी. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवणे उपयुक्त असले, तरी त्यासाठी उपचार लांबवू नयेत. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ आता मागे पडला आहे. त्या भीतीने कोणी घरी बसू नये.

कोणी काय करावे?

अधिकाऱ्यांनी कचऱ्याचे व कुत्र्यांचे काम वेगवेगळ्या फायलींत ठेवू नये. मटणाच्या दुकानांतील, खानावळींतील व मंगल कार्यालयांतील उरलेसुरले अन्न रोजच्या रोज उचलले गेले, तरच निर्बीजीकरणाचा लाभ टिकेल. पकडणारे कर्मचारी शिकलेले असावेत. एकदा मारझोड करून पकडलेले कुत्रे पुढे माणसाची सावलीही जवळ येऊ देत नाही.

शिक्षकांनी मुलांना शिकवावे की झोपलेल्या, खाणाऱ्या वा पिलांजवळील कुत्रीस छेडू नये. कुत्रे अंगावर आल्यास पळू नये, स्थिर उभे राहावे. आणि साधा ओरखडा जरी उठला, तरी तो घरी लपवू नये. रागावतील या भीतीने मूल गप्प बसते, आणि घात होतो तो त्या गप्प बसण्याने.

पंचायत सदस्यांनी मृत जनावरे पुरण्याची व्यवस्था करावी, पाळीव कुत्र्यांना लस टोचून घेण्याचा ग्रामसभेत आग्रह धरावा आणि नको झालेली पिले शेजारच्या शहरात नेऊन सोडण्याची चाल बंद पाडावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आहे किंवा नाही, याची वेळोवेळी खात्री करून घेणे हेही त्यांचेच काम आहे.

2030 पर्यंत कुत्र्यांपासून माणसास होणाऱ्या अलर्काचे उच्चाटन करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट 2021 मध्ये ठरविण्यात आले. ते गाठावयाचे तर गल्लीतील उकिरडा उचलला गेला पाहिजे, कुत्र्याच्या कानावर खाच दिसली पाहिजे आणि दवाखान्यात लस मिळाली पाहिजे. या तीन गोष्टी झाल्या, तर शाळेस निघालेल्या मुलास दबकावे लागणार नाही, आणि आजीलाही पोळीचा तुकडा टाकताना शेजाऱ्याचा रोष सोसावा लागणार नाही.