पवनेच्या पाण्यात उतरण्याआधी

पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारते, वाघेश्वराचं देऊळ पाहिलंय का? बहुतेकांनी नाव ऐकलेलं नसतं. पावसाळ्यानंतर जिथे नुसतं निळंशार पाणी दिसतं, तिथेच उन्हाळ्यात पाणी ओसरलं की हे जुनं दगडी शिवमंदिर वर येतं. सुटलेले चिरे, कोरीव दगड आणि भोवती भेगाळलेला गाळ. देवळाशी उभं राहून आजूबाजूला पाहिलं, की भातखाचरांचे बांध, उतरत गेलेल्या ताली, जुन्या ओढ्यांचे खळगे दिसायला लागतात. वर्षातले कितीतरी महिने हे सगळं पाण्याखाली असतं आणि आपली मुलं त्याच्यावर डुंबत असतात.

हे नीट कळायला मला एक ऑक्टोबर लागला. धरण काठोकाठ भरलेलं, समोर तिकोना, पलीकडे तुंग, पाठीशी लोहगड आणि विसापूर हे गड. पुण्याहून दोन तासांत इतकं सुंदर दृश्य दुसरीकडे क्वचितच मिळेल. आम्ही नातेवाईक मिळून गेलो होतो. माझा भाचा कॉलेजातला, पोहायला शिकलेला, अंगानं दणकट. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो आमच्याशी बोलत होता. वळून दोन पावलं पुढे गेला आणि दिसेनासा झाला. ओरडला नाही, हात हलवले नाहीत. डोकं एकदा वर आलं, तोंड उघडं, आवाज काहीच नाही. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हाका मारत नाही, त्याला श्वासच पुरत नसतो. त्याची आई दहा हातांवर बसली होती आणि तिला वाटलं, पोरगा बुडी मारतोय.

जवळच म्हशी धुणारे एक काका होते, साठी उलटलेले. ते पाण्यात धावले नाहीत. त्यांनी हातातला लांब कासरा फेकला, पहिल्यांदा चुकला, ओढून घेऊन पुन्हा फेकला. भाच्याच्या हाताला लागला आणि त्यानं तो धरला. आमच्यातले दोघे पाण्यात झेपावायच्या बेतात होते. त्यांना काकांनी हात आडवा घालून थांबवलं. मुलगा बाहेर आला, पाणी ओकला, थरथरत राहिला. मग काका मला म्हणाले, ‘तिथं आमचं खाचर व्हतं, ताई. पोरगं बांधावर हुबं व्हतं, म्हणून गुडघाभर. पुढं पाऊल टाकलं की पुरुषभर खाली.’

काकांच्या घरानं आपलं शेत पाण्याखाली जाताना पाहिलं आहे. धरण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झालं, आज पिंपरी-चिंचवडची तहान त्यावर भागते, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा लढा पुढे कितीतरी वर्षं चालत राहिला. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरोधातल्या आंदोलनात बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात मावळातले तीन शेतकरी गेले. हे इथे सांगायचं कारण असं, की पाण्याखाली काय आहे हे ज्यांना पाठ आहे, ती माणसं काठावरच राहतात. त्यांना विचारा. ‘इथं उतरू नका’ असं कुणी गावकरी म्हणाला, तर वाद न घालता मागे फिरा.

काकांकडून मी जे शिकले ते प्रत्येक सहलीआधी घरात सांगते. पाण्याच्या काठी दोर हवा, निदान वीस-पंचवीस हात लांब. दोर नसेल तर झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, गाठ मारून जोडलेल्या दोन ओढण्या, लांब काठी, काहीही चालेल. फेका, पुढे करा, पण स्वतः उडी मारू नका. बुडणारा माणूस मिठी मारतो आणि एकाचे दोघे जातात. तलावात पोहता येतं म्हणून धरणात पोहता येईल असं नाही. तळाचा गाळ पाय सोडत नाही, काही ठिकाणी पाणवेली असतात, आणि वरून कोमट वाटणारं पाणी खाली एकदम गार लागतं.

धोका फक्त तळाशी नसतो, पाणी वरूनही येतं. माझी भाची स्वित्झर्लंडमध्ये झुरिचला असते. सुट्टीत ती दक्षिणेकडच्या टिचिनोत जाते.    तिथल्या माज्जा आणि व्हर्झास्का नद्यांच्या काठी फलक लावलेले आहेत, की वर वीजनिर्मितीची धरणं आहेत, आभाळ निरभ्र असलं तरी पाणी अचानक वाढू शकतं. असे फलक आपल्याकडेही बऱ्याच ठिकाणी आहेत, पण लोक त्यांना टेकून फोटो काढतात.

पाणी वरून येतं, हे मावळात तर अधिकच खरं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. आपण उभे असतो तिथे रिमझिम असते आणि वरच्या डोंगरावर ढग कोसळत असतो. प्रवाह गढूळ झाला, त्यात पालापाचोळा यायला लागला, आवाज बदलला, की पिशव्या-चपला तिथेच टाकून दोन्ही हातांत मुलं घ्या आणि त्याच काठानं उंचावर जा. प्रवाह ओलांडायला जाऊ नका. पुलांचंही तसंच. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जण गेले. पुलावर गर्दी दिसली तर अलीकडेच थांबा.

रात्रीचं एक. डिसेंबर-जानेवारीत काठावर हाडं गोठवणारी थंडी पडते आणि कुणाला तरी वाटतं, निखारे विझत आलेत, शेगडी तंबूत घेऊ. धूर संपला म्हणजे धोका संपला असं नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड येत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. शेगडी बाहेरच राहू द्या, एक घोंगडी जास्त न्या.

गडांबद्दल थोडक्यात सांगते. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्या आणि दरवाजे माणसांनी तुंबतात, त्यामुळे मधल्या वारी जा. लोकलने मळवलीला उतरून चालत गेलात तर वाहनांच्या रांगेतून सुटाल. तिकोन्याच्या शेवटच्या पायऱ्या खड्या आणि ओल्या दिवसांत शेवाळलेल्या असतात, चढण्यापेक्षा उतरताना सांभाळा. तुंगवर वर्दळ कमी, म्हणून एकट्यानं नको. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको. अडकलात तर ११२ ला फोन करा. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं रात्री-अपरात्री दोर घेऊन कड्यावर येतात, त्यांना नेमकी जागा सांगता येईल इतकी माहिती निघतानाच लिहून घ्या.

आणि नौका. दुपारनंतर पवनेवर वारा सुटतो आणि हलकी नाव बघता बघता मध्यावर जाते. जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर हवं, बसायच्या फळीखाली नव्हे. सगळ्या पट्ट्या लावा. मुलाला जॅकेट घातलं की खांद्याशी धरून वर उचलून पाहा, ते कानांपर्यंत सरकलं तर त्याच्या मापाचं नाही, दुसरं मागा. मिळालं नाही, तर पैसे बुडाले तरी चालतील, मुलाला नावेत बसवू नका.